वळई

सुडी आणि वळई यांत आमच्या मंगळवेढ्याकडं कुणी गल्लत करत नाही. ज्वारीच्या कणसासकट पेंढ्या रचल्या की सुडी. तिच्यात दाणा असतो, तिला राखण लागते. कणसं मोडली, मळणी झाली, ज्वारी घरात आली आणि मग नुसता कडबा रचला की वळई. दाणा माणसाचा, वळई जनावराची.

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आमच्या काळ्या रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. मालदांडी या शाळूच्या जातीचं ताट मुळासकट उपटायचं. बुडख्याची माती तिथंच झटकली पाहिजे, कारण ती वळईत गेली की मागोमाग वाळवी जाते. पेंढी बांधायची ती कडबा खडखडीत वाळल्यावर. ओलसर पेंढी आत गेली तर ती तापते, बुरशी धरते आणि शेजारच्या पेंढ्याही काळ्या करते.

जागा उंचवट्याची हवी. खाली दगड, त्यावर तुराट्या आणि बाभळीचे फाटे. मग पहिला थर, बुडखे बाहेर आणि शेंडे आत. सगळी कला पुढं आहे, ती मधला पोटाचा भाग भरण्यात. बुडखा जाड, शेंडा बारीक. नुसते थर चढवत गेलं तर वळई मधे खचते आणि पावसाचं पाणी आत ओढून घेते. म्हणून दर दोन थरांनी मधे आडव्या पेंढ्या टाकून पोट उंच ठेवायचं. प्रत्येक ताट आतून बाहेर उतरतं झालं पाहिजे. पेंढी ठेवली की गुडघ्यानं दाबायची, आळा, म्हणजे पेंढीचा बंध, सैल लागला तर परत आवळायचा, तशीच पुढं रेटायची नाही. खालचा गडी पेंढी फेकतो तीही बुडखा वरच्याच्या हातात येईल अशी. दोघांची लय जमली की बोलावं लागत नाही.

वर घराच्या पाख्यासारखा दोन्हीकडं उतार, त्यावर उसाचं पाचट, आणि दोऱ्यांच्या दोन्ही टोकांना दगड बांधून त्या आडव्या टाकायच्या. आमच्याकडं पावसाचा झोत पश्चिमेकडून येतो, म्हणून वळईची अरुंद बाजू तिकडं करतो आणि मोडायला पूर्वेकडून घेतो. एका टोकानं मोडत गेलं तर बाकीचं छप्पर शाबूत राहतं. मधूनच पेंढी उपसणाऱ्याला मी वळईजवळ येऊ देत नाही.

1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. ताट बुटकं, दाणा जास्त. दाण्याचा हिशेब बरोबर होता, पण कडब्याचा कुणी धरला नाही. ज्यांच्याकडं मालदांडीची जुनी वळई शिल्लक होती त्यांना 1972 च्या दुष्काळात तिची किंमत कळली. बाकीच्यांनी दावणी मोकळ्या केल्या. एक वळई मोडताना दुसरी उभी असावी, असं जुनी माणसं म्हणायची ते थाटासाठी नव्हतं.

आता कडबाकुट्टी यंत्र घरोघर आहे आणि ते चांगलंच आहे. अख्खी पेंढी टाकली तर जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवतं. कुट्टी केली की दावणीत फारसं उरत नाही. पण कुट्टीला छप्पर लागतं, पोती लागतात, आणि सगळा कडबा एकदम कुटून ठेवला की पहिल्या वळवातच धास्ती. वळई उघड्यावर पावसाळा काढते. म्हणून आठवड्यापुरता कडबा काढावा, तेवढाच कुटावा आणि रचायला एखादं तरणं पोर वर घ्यावं. खाली उभं राहून बघितल्यानं पोट भरायचं कळत नाही. ते पायाखाली कळतं.