एका डावाचा निकाल

संगणकावर दोन बुद्धिबळ इंजिने परस्परांशी झुंजत ठेवून मी रात्री झोपी जातो, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. यात मी स्वतः एकही चाल करीत नाही. ‘स्टॉकफिश’ हे इंजिन कोणासही विनामूल्य मिळते. त्याच्याच दोन लागोपाठच्या आवृत्त्या समोरासमोर बसवावयाच्या, प्रत्येकीस डावासाठी एक मिनिट द्यावयाचे. पहाटेपर्यंत दीडशे-दोनशे डाव होतात. (संगणकाच्या पंख्याची घरघर घरच्यांनी आता सोसली आहे.)

सामना न्याय्य व्हावा म्हणून पहिल्या काही चाली ठरवून द्याव्या लागतात आणि तीच सुरुवात मोहरी बदलून पुन्हा खेळवावी लागते. पांढऱ्यास पहिल्या चालीचा लाभ असतो; तो दोघांस सारखा मिळावयास हवा. औषधाच्या चाचणीत दोन्ही गट शक्य तितके सारखे ठेवतात, त्यामागील विचार याहून वेगळा नाही.

खरी मौज निकालात आहे. पहिल्या दहा डावांत एखादी आवृत्ती सात गुण मिळवते आणि सकाळी पाहावे तो दोघी जवळजवळ बरोबरीत! निम्मे डाव बरोबरीत सुटत असतील, तर शंभर डावांनंतरचा 55 विरुद्ध 45 हा फरकही निव्वळ योगायोगाने पडू शकतो. हजार डावांत तेच प्रमाण टिकले, तर मात्र त्यावर विश्वास ठेवावा.

दवाखान्यात एका डावावर निकाल लावणारे रोज भेटतात. माझ्या एका साठीच्या रुग्णाचा रक्तदाब एका शिबिरात 126/80 भरला. गोळी चालू होती म्हणूनच तो तसा भरला होता. त्यांनी मात्र आपण बरे झालो असे मानून गोळी सोडली. चार महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आज ते डाव्या हाताने जेवतात.

म्हणून आपणांस विनंती, घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली व हात हृदयाच्या पातळीवर असावा. सकाळ-संध्याकाळ, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी आणि वही डॉक्टरांकडे न्यावी. गोळी त्या आठवड्यातही चालूच ठेवावी.