बुंदीचा श्वास

आमच्या बुंदीचा श्वास घरभर ऐकू येतो. जागी असली की फुरफुर, झोपली की घोरणं. पग जातीच्या कुत्र्याला मुकाट श्वास घेणं जमतच नाही. पाहुण्यांना त्या घोरण्याचं हसू येतं. माझे कान मात्र त्यातला बारीकसा बदलही टिपत असतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर फारच. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, तोंडातला ओलावा उडवूनच ते अंग निववतं. पगचं तोंड आखूड, नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग घशात उतरलेला. हवा जायची कुठून? कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा लागला की घराचं वेळापत्रक बुंदी ठरवते. फिरायला जायचं ते उजाडण्याआधी, नाहीतर रात्री, रस्त्याला तळहात लावून तो निवलाय हे पाहून. गळ्यात पट्टा नाही, छातीवरून हार्नेस. कूलरपुढची जागा तिची. जीभ निळसर दिसली, तर वाट न पाहता अंगावर पाणी ओतायचं आणि डॉक्टर गाठायचे.

रोज संध्याकाळी मी तिच्या नाकावरच्या घड्या ओल्या फडक्याने पुसते, मग कोरड्या करते. ओल राहिली की कातडी चिघळते. ती मान वर करून, डोळे मिटून बसते. माझ्या दिवसातला हा सगळ्यात आवडता वेळ. पोळीसाठी ती कपाळाला आठ्या घालून बघते तेव्हा नाही म्हणणं जिवावर येतं. पण वजन वाढलं की श्वास आणखी जड होतो.

पगचं तोंड पूर्वी इतकं चपटं नव्हतं. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या १७४५च्या आत्मचित्रात त्याचा पगही आहे. त्या कुत्र्याला चांगलं पुढे आलेलं नाक आहे. पुढे माणसांनी पिढ्यानपिढ्या चपटी तोंडंच निवडली, कारण तान्ह्या बाळासारखं भासणारं ते रूप आपल्याला हवं होतं. मीही त्यावरच भाळते, आणि त्याची किंमत बुंदी श्वासागणिक मोजते. हे मनातून जात नाही.

२००३मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि तो घरोघरी हवासा झाला. आजही कुणी विचारलं, पिल्लू कुठे मिळेल, तर मी सांगते, विकत घेऊ नका. कुणी सोडून दिलेला पग निवाऱ्यात असेल, तर त्याला घरी आणा. आणि मार्चमध्येच कूलरच्या ताट्या बदलून घ्या.