सुलतान बाजारातलं दळण

एमजीबीएसला गाडी बदलून एक स्टेशन मागे आलं की सुलतान बाजार. 2020 च्या फेब्रुवारीत हे स्टेशन सुरू झालं. त्याआधी इथल्या दुकानदारांनी मेट्रोला बरीच वर्षं विरोध केला होता, कारण रस्ता मुळातच चिंचोळा. आता मेट्रोच्या खांबांखाली ब्लाउजपीस, बांगड्या, चपला, सगळं पूर्वीसारखंच मांडलेलं असतं. त्या शनिवारी मात्र मला यातलं काही घ्यायचं नव्हतं. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत पाच किलो गहू होते आणि मी चक्की शोधत होतो.

आमच्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांचं हैदराबाद म्हणजे एवढाच परिसर. इकडे कोठी, तिकडे बडी चावडीची भाजी, मधे इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय, जांबागेत विवेक वर्धिनी. ब्रिटिश रेसिडेंट राहायचा ती ‘कोठी’ म्हणजे नंतरचं विमेन्स कॉलेज, आणि तिच्याभोवती वसलेला हा रेसिडेन्सी बाजार. 1933 मध्ये तो निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. आमच्या आजीला हा इतिहास माहीत नव्हता. तिच्या लेखी या बाजाराची ओळख म्हणजे दळण. देगलूरजवळच्या आमच्या गावाहून एसटीच्या टपावर पोतं यायचं, गौलीगुड्याच्या स्टँडवर आजोबा ते उतरवून घ्यायचे, आणि दर आठवड्याला डबा डोक्यावर घेऊन आजी चक्कीवर. “घरचा गहू आहे,” असं ती सांगायची तेव्हा त्यात थोडा तोरा असायचा.

मी हायटेक सिटीत राहतो. आमच्याकडे पीठ पिशवीत येतं, ॲपवरून. मुलगी आठ महिन्यांची झाली, तिला पेजेनंतर पोळीचा कुस्करा द्यायची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात कॅनडातल्या ताईचा फोन आला. “तुम्ही कुठलं पीठ आणता रे? आम्ही ऑरगॅनिकच घेतो. इथे कापणीआधी गव्हावर तणनाशक मारतात.”

पोराबाळांच्या बाबतीत असं काही ऐकलं की झोप उडते. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. ताईचं म्हणणं खरं होतं. कॅनडात हिवाळा लवकर येतो आणि पीक एकसारखं वाळत नाही. म्हणून दाण्यातला ओलावा 30 टक्क्यांच्या खाली गेला की काही शेतकरी उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारतात. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत कापणी. त्यामुळे थोडा अंश दाण्यात उरतो, आणि कोंड्यात तो जास्त असतो. म्हणजे मैद्यापेक्षा कोंड्यासकटच्या कणकेत जास्त! हे वाचून मला भयंकर राग आला. आपण पौष्टिक म्हणून कोंडा खायचा आणि त्यातच हे.

पण पुढे वाचत गेलो तसं चित्र एवढं सरळ राहिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, पण त्या गटात लाल मांसही आहे. धोका असू शकतो का, एवढंच ती यादी सांगते. रोजच्या पोळीतून तो किती, हे सांगत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत वेगळं पडलं आणि 2023 मध्ये युरोपने त्याला आणखी दहा वर्षं परवानगी दिली. शिवाय आपला गहू मार्च-एप्रिलच्या उन्हात उभ्या उभ्या खडखडीत वाळतो. त्याला औषध मारून वाळवायची गरजच नाही. आपल्याकडे ताईच्या प्रश्नाला जवळची गोष्ट म्हणजे बाहेरून येणाऱ्या डाळी. 2018 मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळींत ग्लायफोसेट तपासायला सांगितलं होतं.

तरी मी ऑरगॅनिक पिठाची पिशवी मागवलीच. दर जवळजवळ दुप्पट. मागे जैविक भारतचं चिन्ह होतं. ते असलं की सरकारमान्य प्रमाणीकरण झालेलं असतं, तेव्हा ते बघावंच. दुसऱ्या एका पिशवीवर चिन्ह नव्हतं, पण ‘कीटकनाशकांचे अंश आढळले नाहीत’ असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. एका केमिकल इंजिनियर मित्राला दाखवला. तो म्हणाला, यादीत ग्लायफोसेट आहे का बघ. नव्हतं. एकाच चाचणीत शेकडो औषधं शोधतात, पण ग्लायफोसेट पाण्यात इतकं सहज मिसळतं की त्या पद्धतीत सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो तसंच हे, टेस्ट लिहिलीच नाही तर ती फेल कशी होणार?

मग आठवलं, घरचा गहू आहे की! गावाहून पोतं अजूनही येतं, पण आईबाबांकडे. त्यातलेच पाच किलो बॅगेत भरून मी निघालो होतो.

बडी चावडीच्या बाजूच्या गल्लीत चक्की सापडली. आत पिठाने पांढरे झालेले चाचा. “नया कू आए?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आजी यायची. गहू हातात घेऊन, दाताखाली एक दाणा फोडून ते म्हणाले, “मराठवाडे का है.” मला काय आनंद झाला! दळण होईपर्यंत बाहेर उभा राहून मी दादाला, म्हणजे गावाकडच्या चुलत भावाला फोन लावला. सहज विचारलं, गव्हावर काही मारत नाही ना आपण?

“मारतो की. पेरून महिना झाला की टू-फोर-डी.”

मी गप्प. दादाच पुढे बोलला. “अरे, दोन खुरपण्या कराव्या लागतात. बायका तीनशे रुपये रोजाला यायला तयार नाहीत. आल्या तरी दुसराच कुणी आधी नेतो. मी काय करू? तू येतोस खुरपायला?”

त्याच्या आवाजात चिडण्यापेक्षा अवघडल्यासारखं जास्त होतं. तो पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारतो. मास्क घालतोस का विचारलं, तर म्हणाला, रुमाल बांधतो. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी घरी बसून हळहळ केली होती. ती कीटकनाशकं होती, हे वेगळं औषध. पण पंप तोच आणि रुमालही तोच. मी एवढे दिवस पोळीतल्या अंशाचा हिशोब करत होतो, आणि दादा ते भरून भरून खांद्यावर वागवत होता.

आपण याला ‘औषध मारणं’ म्हणतो. इथे तेलुगूतही गड्डी मंदु, म्हणजे गवताचं औषध. नाव ठेवताना दोन्ही भाषांना दुसरा शब्द सुचला नाही.

खरं सांगायचं तर पेरणीनंतर महिन्याभरात मारलेलं तणनाशक आणि कापणीच्या तोंडावर मारलेलं, यात दाण्याच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे. मधे तीन महिने जातात. तेव्हा त्या पाच किलो गव्हाची मला भीती वाटली नाही, आणि मुलीला त्याचीच पोळी दिली. पण दादाला मी विचारलं, पुढच्या रब्बीत एक एकर न फवारता करशील? खुरपणीचा खर्च आम्ही तिघं भावंडं देऊ, ताईसुद्धा. ऑरगॅनिक पिशव्यांचा वर्षाचा हिशोब मी मनात केलाच होता, त्यापेक्षा तो फार नव्हता.

“पैसे देशील रे, पण माणसं?”

“रोज वाढवून देऊ.”

“मग बाकीच्या रानालाही तोच रोज मागतील,” तो म्हणाला. हे मला सुचलंच नव्हतं. शेवटी ठरलं ते अर्ध्या एकराचं, विहिरीजवळच्या तुकड्याचं, घरच्या घरी खुरपून होईल तेवढं. आणि मास्क मी पाठवायचा.

तोवर चाचांनी हाक मारली. पिठाची पिशवी हाताला चांगलीच गरम लागत होती. “घर जाके खुला रखो, ठंडा होने दो,” त्यांनी बजावलं. मी फोन ठेवणार एवढ्यात दादा म्हणाला, “आणि ऐक, न फवारलं की त्या तुकड्यात चाकवत माजणार. आजी त्याची ताकातली भाजी करायची, आठवतं? खुरपला की गठ्ठा बांधून पाठवतो. नाही म्हणायचं नाही.”