आजीच्या रेकॉर्ड्स आणि कमी नखऱ्यांचा हात

मागच्या शनिवारी बाईंनी विचारले, "या अंकात पालकांपैकी कोण लिहिणार?" सगळे पालक एकदम चहाकडे वळले. आम्हाला वळायला जरा उशीर झाला, म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी मुलांची आजी पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. सामानात साड्या कमी आणि रेकॉर्ड्स जास्त. आजोबांनी जमवलेल्या साठ-सत्तर एलपी, आणि प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात खरेदीची तारीख. नाट्यगीते, भीमसेन, किशोरीताई, आणि अर्थातच गीतरामायण. मुलांनो, गदिमांची ही ५६ गाणी सुधीर फडक्यांच्या चालींत पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला लागत. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता, म्हणून शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकायची.

आमच्याकडे प्लेअर होता, आणि साधासुधा नव्हता. ग्लासगोच्या लिन कंपनीचा सोंडेक एलपी १२, हौसेने सेकंडहँड घेतलेला. तबकडी तीन स्प्रिंगांवर तरंगते. त्याच्यावर आधीच्या मालकाने एक अतिशय नाजूक आर्म बसवलेला होता. आर्म म्हणजे ज्याच्या टोकाला सुई असते तो हात. हा हात एकाच टोकदार खिळ्यावर तोललेला, सर्कशीत काठीवर ताटली तोलतात तसा. तो डोलू नये म्हणून खिळ्याभोवती घट्ट सिलिकॉन तेल घालावे लागे, आणि ते किती, हे कानाने ठरवायचे. उचलायला कळ नाही, बोटानेच धरायचा. आवाज मात्र सुरेख. आम्ही त्याचे कौतुक पाहुण्यांना सांगत असू.

आजीच्या बोटांचे सांधे सुजतात. एका दुपारी आम्ही ऑफिसात असताना तिने स्वतःच रेकॉर्ड लावायचा प्रयत्न केला. हात डोलला, बोटातून सुटला आणि सुई तबकडीवरून आडवी सरकली. आजोबांची १९७१ ची नाट्यगीतांची रेकॉर्ड. त्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात आता प्रत्येक फेऱ्याला 'टक्' होते. संध्याकाळी आजी एवढेच म्हणाली, "तुम्ही घरी असाल तेव्हाच लावत जाऊ." त्यानंतर तीन महिने तिने गाणे मागितलेच नाही.

तेव्हा नवा आर्म शोधायचे ठरले. पेशाने सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आधी स्प्रेडशीट! पण रकाने भरताना लक्षात आले की आम्ही पुन्हा आवाजाचेच गुण मांडतो आहोत. ती फाइल पुसली आणि एकच प्रश्न ठेवला: आम्ही घरी नसताना हे कोण वापरणार?

आर्मचे काम का अवघड, ते मुलांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ रेकॉर्ड कोरताना कोरणारे हत्यार कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत जाते. आपला हात मात्र एका टोकाला अडकवलेला, म्हणून दारासारखा कमानीत फिरतो. ही चूक कमी व्हावी म्हणून सुईकडचे टोक वीस-पंचवीस अंश आत वळवतात. त्या वळणामुळे चालत्या रेकॉर्डवर हात आतल्या बाजूला ओढला जातो, मग त्याला बाहेर खेचणारा हलकासा ताण द्यावा लागतो. शिवाय सुईचा भार जेमतेम दोन ग्रॅम. जास्त झाला तर चर झिजतो, फार कमी झाला तर सुई चरात उसळते आणि तेही चराला वाईटच.

ही कमान टाळणारे हातही मिळतात, हवेच्या गादीवर सरळ सरकणारे. त्यांना हवेचा पंप लागतो, नळ्या लागतात, सगळे काटेकोर सपाट लागते. बैठकीच्या खोलीत पंप म्हटल्यावर घरातून जो आवाज आला तो हाय-फाय नव्हता. जुने एसएमई आर्म दिसायला देखणे, पण सुईचे डोके काढ-घाल करायचे म्हणजे तिथले विजेचे जोड अधूनमधून पुसणे आले.

शेवटी साउथएंडच्या रेगा कंपनीचा आरबी ३०० घेतला, सेकंडहँड. हा १९८३ साली आला. सुईच्या डोक्यापासून बेअरिंगपर्यंत सगळा हात ॲल्युमिनियमचा एकसंध ओतलेला. साधी बॉल बेअरिंग, तेल नाही. भारासाठी एक आकड्यांची चकती, आतल्या ओढीसाठी एक सरकता लोहचुंबक, आणि हात अलगद वर-खाली करणारी कळ. उंची बदलायची सोयच नाही! जाणकार मंडळी याला दोष मानतात. आम्ही दिवसभर प्रोग्रॅम लिहितो. वापरणाऱ्याच्या हाती दिलेली प्रत्येक सेटिंग कधी ना कधी चुकीची लागतेच, हे आम्हाला पगारी अनुभवाने माहीत आहे. सुईसुद्धा अशी घेतली की झिजल्यावर घरीच ओढून काढावी आणि नवी बसवावी.

आवाज पहिल्या हाताइतका मोकळा आहे का? खरे सांगायचे तर नाही. वरच्या षड्जाभोवतीची ती हवा थोडी कमी झाली. महिनाभर आम्हाला ते जाणवत राहिले. आजीला विचारले तर म्हणाली, "कसली हवा? भीमसेन तर तोच आहे."

आर्मसाठी लाकडी पट्टी बदलून घेतली आणि स्प्रिंगांचे काम एका कारागिराकडे दिले, कारण प्लेअर स्वतः अजूनही मानी आहे. सुईचा कोन मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून छापील मापपट्टीवर जुळवला. त्याला एक रविवार गेला. धाकट्याने भिंग धरले आणि दोनदा शिंकला, तेव्हा दोनदा पहिल्यापासून.

आता आम्ही संध्याकाळी दार उघडतो तेव्हा बहुधा गाणे चालू असते. ती 'टक्'वाली रेकॉर्डही आजी लावते. दुसरे गाणे आले की 'टक्'बरोबर मान हलवते; ताल धरते की आजोबांची माफी मागते, ते आम्ही विचारलेले नाही.

देखभाल म्हणाल तर सुईवरची धूळ ब्रशने पुसणे, आणि वर्षातून एकदा खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर याचीही तपासणी. यंदा छोट्या काट्यावर सुईचा भार मोजला. मागच्या वर्षी होता तेवढाच भरला. मग आजी हळदकुंकू घेऊन आली. बरीच चर्चा होऊन ते फक्त प्लेअरच्या झाकणाला लावायचे ठरले.