पैनगंगेच्या तीरावरून सागरतळाकडे

हदगाव तालुक्याच्या उत्तर अंगाने पैनगंगा वाहते. तिचे पाणी पुढे वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीच्या कुशीत शिरते. अशा रीतीने आमच्या शेतात पडलेला पावसाचा थेंब तेलंगण व आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरास जाऊन भेटतो. माणसे मात्र त्या वाटेने क्वचितच जातात. समुद्र म्हणजे रामेश्वराच्या यात्रेत एकदा पाहावयाचा आणि एरव्ही पुराणात ऐकावयाचा, अशीच इकडील जुन्या मंडळींची समजूत.

वाचकहो, आज त्या थेंबाच्या मागोमाग आपण मनानेच प्रवास करू आणि ‘सागरनिधि’ नावाच्या नौकेवर जाऊन उभे राहू. ही नौका चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची. लांबी सुमारे १०४ मीटर. तिचा विशेष असा की, नांगर न टाकता केवळ यंत्रांच्या बळावर ती भर समुद्रात एकाच जागी स्थिर राहू शकते. तिच्यावरूनच २०१० साली ‘रोसब’ हे मनुष्यरहित यान लांब तारेस बांधून मध्य हिंदी महासागरात ५२८९ मीटर खोल सोडले होते. पुढे त्याच संस्थेने तीन माणसांसाठी ‘मत्स्य-६०००’ ही पाणबुडी तयार केली. २०२५ च्या आरंभी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टात राजू रमेश आणि निवृत्त नौदल अधिकारी जतिंदरपाल सिंग हे फ्रान्सच्या ‘नॉतील’ पाणबुडीतून अटलांटिक महासागरात अनुक्रमे ४०२५ व ५००२ मीटर खोल जाऊन आले.

सहा हजार मीटरांवर पाण्याचा दाब हवेच्या सुमारे सहाशेपट असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर हळदीची सहा क्विंटल पोती रचावी, तसा तो प्रकार! म्हणून ‘मत्स्या’तील माणसांची कोठडी टायटॅनियम धातूच्या गोलाची योजिली आहे, आतील व्यास २.१ मीटर आणि भिंतीची जाडी ८० मिलिमीटर. एवढ्या संपुष्टात तिघांनी बारा तास काढावयाचे. संकट ओढवल्यास ९६ तास पुरेल अशी प्राणवायूची तजवीज.

वर्तमानपत्रे खाली उतरणाऱ्यांची नावे छापतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांना उतरविणारे व वर घेणारे जे तंत्रज्ञ मातृनौकेवर असतात, त्यांचे काम आदल्या रात्रीच सुरू झालेले असते. कोणी विद्युत्‌घट भरीत असतो, कोणी प्राणवायूचा साठा पाहतो, कोणी निःश्वासातील दूषित वायू शोषणारे द्रव्य बदलतो. झाकणाच्या कडेवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहू नये म्हणून ती कड पुनःपुन्हा पुसावी लागते. पाणबुडीस जड वजने लावलेली असतात. त्यांच्या भाराने ती खाली जाते आणि ती टाकून दिली की हलकी होऊन वर येते. म्हणून ती वजने वेळेवर सुटतील की नाही, हेही आधीच तपासावयाचे. मग नौकेच्या मागील बाजूची यारी तिला अलगद उचलून लाटांवर ठेवते.

एकदा दोर सुटला की खालच्याशी संबंध उरतो तो केवळ ध्वनीचा. कारण बिनतारी लहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. तळावरचा शब्द वर येण्यास चार सेकंद, आणि ‘कुशल आहा ना?’ ह्या प्रश्नास उत्तर मिळण्यास आठ! ती आठ सेकंदे कान लावून बसणे, हेही एक कामच आहे.

सर्वसामान्यांस वाटते की धोका तो सारा तळाशी. इतिहास मात्र निराळेच सांगतो. १९६८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेची ‘अॅल्विन’ पाणबुडी समुद्रात सोडीत असताना मातृनौकेचे दोर तुटले. आतील तिघे कसेबसे बाहेर पडले आणि पाणबुडी उघड्या झाकणानिशी सुमारे दीड हजार मीटर खोल बुडाली. दुसऱ्या वर्षी ती वर काढली, तेव्हा आतील फराळाचे पदार्थ भिजलेले, पण थंडीमुळे बव्हंशी शाबूत होते! १९७३ साली आयर्लंडजवळच्या समुद्रात ‘पायसीस-३’ वर घेताना ओढीच्या दोराने मागील भागाचे झाकण निघाले, आत पाणी शिरले व ती सुमारे ४८० मीटरांवर जाऊन पडली. दोघांना तीन दिवसांहून अधिक काळ तेथे अडकून राहावे लागले. सुदैवाने दोघेही वाचले. दोन्ही प्रसंगी घात झाला तो वाऱ्या-पाण्याच्या सीमेवर, दोर आणि झाकण ह्यांच्या ठायी. आणि ती सीमा नेमकी ह्या तंत्रज्ञांच्या हाती असते.

आमच्याकडे विहिरीचा गाळ काढण्यास माणूस उतरतो, तेव्हा त्याच्या घरची मंडळी पाहतात ती काठावर दोर धरून उभा असलेल्याकडे. त्यांना कोण महत्त्वाचा हे शिकवावे लागत नाही. पुराणातही प्रलयकाळी मत्स्याने मनूची नौका आपल्या शृंगास बांधून घेऊन ती तारली. येथे भूमिका उलटली आहे. मत्स्य खाली आहे आणि त्याला तारण्याचा भार नौकेवर आहे.

आपल्या पांढरपेशा घरांत अद्यापि पदवीचा मान मोठा, आणि तेलाने काळ्या झालेल्या हातांकडे किंचित खालच्या नजरेने पाहण्याची खोड आहे. पंपाची मोटार उघडून बसणाऱ्या मुलास ‘आधी पुस्तक घे’ असे आपण सांगतो. पुस्तक त्याने घ्यावेच. यंत्रविद्येची पदविकाही घ्यावी. पण त्या हातांना हलके लेखू नये. ज्याने झाकणाची कड दहा वेळा पुसली आणि कंटाळा आला तरी अकराव्या वेळी पुन्हा पाहिली, त्याच्या त्या एका सवयीवर तीन घरांतील मंडळींची झोप अवलंबून असते. सागरतळाचा वृत्तांत घरात मोठ्याने वाचला जाईल, तेव्हा खाली गेलेल्यांची नावे मुलांस अवश्य सांगावी. आणि वर आठ सेकंद श्वास रोखून कोण बसले होते, हेही सांगावे.