तळघरातला पॉवर सप्लाय

साठ-सत्तर डॉलरला तयार मिळणारी वस्तू घरी कशाला करायची, हा प्रश्न आम्हाला आजवर निदान दहाजणांनी विचारला असेल. बचत म्हणाल तर शून्य. ट्रान्सफॉर्मर, डबा, मीटर, खटके मिळून तेवढाच खर्च आला. कारण वेगळं होतं. आजोबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, बाहेर बर्फ, आणि नातवाशी त्यांचं बोलणं "कसा आहेस?" "फाइन" याच्या पुढे जात नव्हतं. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नववीतल्या चिरंजीवांना सर्किटं जोडायचा नाद, आणि त्यांच्यासाठी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणून आणून आम्ही थकलेलो. तेव्हा हवा तेवढा व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय करायचं दोघांनी मिळून ठरवलं. (1954 साली एडिसनचं नाव घेतलेल्या गावात आम्ही राहतो. तो डीसीचा कैवारी, आणि त्याच्याच गावात आम्हाला एसीचं डीसी करत बसावं लागतं!)

पहिली खडाजंगी आकड्यांवरून झाली. नातवाला शून्य ते तीस व्होल्ट आणि पाच अँपियर हवे होते. आजोबा म्हणाले, "अरे, पण चालवणार काय आहेस त्याच्यावर?" मग यादी झाली. 3.3, 5, 9 आणि 12 व्होल्ट, अर्ध्या अँपियरच्या वर काहीच नाही. शेवटी सव्वा ते पंधरा व्होल्ट, एक अँपियर यावर तह झाला.

सव्वा का, तर एलएम 317 मुळे. बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना 1976 साली केलेली ही तीन पायांची चिप. कंपनी 2011 मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, चिप अजून मिळते. आजोबांची आणि तिची ओळख बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपासूनची. आउटपुटच्या आणि अॅडजस्टच्या पायांत ती कायम सव्वा व्होल्ट राखते. तिथे 120 ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे दहा मिलिअँपियर वाहतात, तेच पुढे पॉटमधून जातात, आणि पॉट फिरवला की व्होल्टेज वाढतो. पुष्कळ आकृत्यांत 120 च्या जागी 240 असतो. पण एखाद्या चिपला ताब्यात राहायला दहा मिलिअँपियरपर्यंत भार लागतो, नाहीतर काही न जोडता व्होल्टेज आपोआप चढतो. म्हणून आजोबा 120 वर अडून बसले.

खरा घोळ उष्णतेचा. अठरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून चिपला साधारण तेवीस व्होल्ट मिळतात. बाहेर पाच हवे असतील तर उरलेले अठरा कुठे जाणार? एक अँपियरला अठरा वॅट, सगळे चिपच्या डोक्यावर. नातू म्हणाला, मोठा हीटसिंक लावू, पंखा लावू. आजोबांनी ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपवर बोट ठेवलं. एका खटक्याने नऊ व्होल्ट घ्यायचे, की तेच काम पाच-सहा वॅटमध्ये होतं. "सायकलचा खालचा गिअर!" असं चिरंजीव मराठीत म्हणाले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

120 व्होल्टच्या बाजूला हात लावायची परवानगी मात्र फक्त आजोबांना होती. इथला व्होल्टेज पुण्याच्या निम्मा, म्हणून आम्ही निर्धास्त होऊ लागलो, तर त्यांनी आम्हालाच दटावलं. माणूस दगावायला 120 पुरतात. आधी फ्यूज, लोखंडी डब्याला अर्थिंग, वायरीला ताण बसू नये म्हणून पट्टी. पहिल्यांदा चालू करायला त्यांना सिरीज बोर्ड हवा होता. त्याला तारेचा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही, आणि साध्या तारेच्या बल्बांची विक्री इथे 2023 च्या ऑगस्टपासून जवळजवळ बंद. तीन दुकानं पालथी घातल्यावर ओव्हनचा चाळीस वॅटचा बल्ब मिळाला, तो त्या नियमातून सुटलेला आहे. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. पेटलेलाच राहिला असता तर आत कुठेतरी शॉर्ट. त्या क्षणभरात आमच्यापैकी कोणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही.

मग आजोबांनी आउटपुटची दोन टोकं सरळ एकमेकांना टेकवली. नातू ओरडलाच. चिपला काही झालं नाही, ती स्वतःला सांभाळते. "पण ती स्वतःला सांभाळते, तुझ्या एलईडीला नाही," असं म्हणून त्यांनी तिच्या आधी दुसरी 317 बारा ओहमच्या रेझिस्टरसह बसवली. आता एका खटक्यावर करंट शंभर मिलिअँपियरच्या आसपास अडतो. या संरक्षणाला तीनेक व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून तेव्हा वरचा गिअर ठेवायचा.

आजोबा मार्चमध्ये परत गेले. आता रविवारी फोन आला की आमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, मग फोन तळघरात जातो.

आकृतीच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. पॉट दोन किलोओहमचा असून त्याला समांतर 3.9 किलोओहमचा रेझिस्टर आहे, तो विसरू नये, नाहीतर पंधरावर थांबणार नाही. हव्या असतील त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला मागून घ्याव्यात. 120 व्होल्टचं वायरिंग मात्र जाणकाराला दाखवूनच चालू करावं.