अनोळखी शब्दांच्या गावी

काही पुस्तके वाचकाचे दारातच स्वागत करतात. काही त्याला ओसरीवर ताटकळत ठेवतात. नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाची ‘अ‍ॅनाथेम’ ही कादंबरी दुसऱ्या जातीची आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची पृष्ठसंख्या नऊशेच्या वर जाते. परंतु वाचकाची खरी कसोटी लागते ती पुस्तकाच्या जाडीने नव्हे. इंग्रजी चांगले जाणणाऱ्या माणसालाही पहिल्याच पानांत असे शब्द भेटतात की, जे त्याने कधी ऐकलेले नसतात आणि जे घरातल्या कोशातही सापडत नाहीत. सापडणार तरी कसे? ते लेखकाने स्वतःच घडविलेले असतात.

कथा घडते ती पृथ्वीवर नव्हे, तर ‘अर्ब्र’ नावाच्या एका कल्पित ग्रहावर. तेथे विद्येला वाहून घेतलेली माणसे उंच तटांच्या आत राहतात. बाहेर राज्ये उदयाला येतात, लयाला जातात, नगरे वसतात आणि ओस पडतात. तटाच्या आत मात्र गणित, तत्त्वविचार आणि आकाशदर्शन अखंड चालू असते. काही मठांचे दरवाजे वर्षातून एकदा उघडतात, काहींचे दहा वर्षांनी, काहींचे शंभर वर्षांनी, आणि काहींचे हजार वर्षांनी! कादंबरी सुरू होते तेव्हा दहा वर्षांचा दरवाजा उघडण्याची वेळ जवळ आलेली असते. ओरोलो नावाचा एक वडीलधारा विद्वान बाहेरच्या एका कारागिराला जुन्या प्रश्नावलीतील चमत्कारिक प्रश्न विचारीत असतो. कारण दहा वर्षांत बाहेरचे जग किती सुधारले किंवा किती बिघडले, याची आतल्यांना कल्पना नसते. ओरोलोचा तरुण शिष्य इरॅस्मस ते सारे टिपून घेत असतो. वाचकाला हे कोण, कोठे आणि कशासाठी बोलत आहेत, यांतले काहीच कोणी सांगत नाही. दोन परक्या माणसांचे संभाषण खिडकीखाली उभे राहून ऐकावे, तशी त्याची अवस्था होते.

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ‘आपली बुद्धी येवढी पोचत नाही’ असे म्हणून पुस्तक फळीवर जाते आणि त्यावर धूळ साचू लागते. दुसरा एक वाचक असतो, तो फार कर्तव्यनिष्ठ! पुस्तकाच्या शेवटी लेखकाने शब्दसूची दिली आहे, हे त्याला कळलेले असते. मग तो एक बोट चालू पानात आणि एक बोट शेवटच्या पानांत घालून वाचू लागतो. प्रत्येक ओळीत दोनदा मागे धाव, दोनदा पुढे धाव. दहा पाने होता होता तो थकतो आणि शब्दांचे अर्थ पाठ असूनही गोष्ट काय चालली आहे, हे त्याला सांगता येत नाही. वस्तुतः लेखकाने आरंभीच्या टिपणात सुचविले आहे की, ज्यांना अशी कोडी आपली आपण सोडविण्यात गोडी वाटते, त्यांनी ते टिपण खुशाल वगळावे. ही सूचना थट्टेने केलेली नाही.

कारण सूचीवाचूनही अर्थ येतो. मात्र तो सावकाश येतो. ‘जीजा’ हा शब्दच पाहा. मराठी वाचकाला तो प्रथम दिसताच हसू आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे हे नाव कोणाचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! पुस्तकात मात्र बाहेरची माणसे आपापली जीजा खिशातून काढतात, तिच्याकडे टक लावून पाहत बसतात, तिच्याशी बोलतात, ती वाजली की समोरच्या माणसाचे बोलणे अर्ध्यावर सोडून देतात. चारपाच वेळा हे घडले म्हणजे वाचक मनाशी म्हणतो, ‘अरेच्चा, हा तर आपला खिशातला दूरध्वनी!’ कोणी व्याख्या सांगितलेली नसते. तरी पुन्हा तो अर्थ विसरता येत नाही. पाळण्यातले मूल ‘दूध’ हा शब्द कोणत्या कोशातून शिकते? भांड्याचा आवाज, आईचे बोलणे आणि जिभेवरची चव यांची गाठ आपोआप पडते, तशीच ही गाठ असते. मूल महिनोगणती काही न कळता ऐकत राहते आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत नाही. मोठेपणी माणूस हे धैर्य गमावतो.

अगदीच अनोळखी शब्दांपेक्षा अधिक फसवे असतात ते ओळखीचे दिसणारे शब्द. मठातील प्रत्येकाजवळ स्वतःच्या मालकीच्या तीनच वस्तू असतात, आणि त्यांची नावे साध्या इंग्रजीतील आहेत : ‘बोल्ट’, ‘कॉर्ड’ आणि ‘स्फिअर’. वाचक बोल्ट म्हणजे अडसर किंवा खिळा समजून पुढे जातो, आणि पुढच्या ओळीत एक मुलगा तो बोल्ट डोक्यावरून ओढून घेऊन थंडी घालवितो! ते अंगावर पांघरावयाचे वस्त्र असते. कॉर्ड म्हणजे कमरेची दोरी, आणि स्फिअर म्हणजे एक गोळा, जो हवा तेव्हा फुगवून बसावयाला घ्यावा, हवा तेव्हा दिव्यासारखा उजळवावा. जो शब्द आपल्याला येतो असे वाटते, त्याच्याकडे माणूस नीट पाहत नाही; चूक होते ती तेथे.

मराठी वाचकाला या प्रवासात एक वाटखर्ची मात्र फुकट मिळते. या विद्वानांच्या वसतिस्थानाला लेखकाने जो शब्द योजिला आहे, तो इंग्रजीत गणिताच्या आखूड नावासारखा लिहिला जातो. परंतु आपला ‘मठ’ हा शब्दही रोमन लिपीत नेमका त्याच चार अक्षरांनी लिहितात! गणित आणि मठ या दोन कल्पना त्या एका शब्दात शेजारी शेजारी नांदतात. तेथील पुरुषांना ‘फ्रा’ आणि स्त्रियांना ‘सूर’ म्हणतात. पहिल्याच्या मुळाशी लॅटिनमधील भाऊ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी फ्रेंचमधील बहीण. आणि तो लॅटिन भाऊ आपल्या संस्कृत ‘भ्रातृ’चा, तर ती फ्रेंच बहीण ‘स्वसृ’ची दूरची नातलग. थोर विद्वानांना तेथे ‘सॉन्ट’ ही पदवी आहे. हा शब्द ज्ञानी या अर्थाच्या ‘सॅव्हन्ट’ शब्दापासून झिजत झिजत झाला, असे लेखकाने कल्पिले आहे. आपल्या ‘संत’ शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे. पण शब्दांची झीज मात्र आपल्या घरचीच आहे. सामंतांचे सावंत झाले आणि उपाध्यायांचे पाध्ये झाले, ते असेच. बोलणाऱ्यांच्या हजारो जिभांवरून घासत गेलेला शब्द नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. स्टीफन्सनचे शब्द कालपरवा घडविलेले असूनही जुने वाटतात, याचे कारण त्याने ते घडविताना मुद्दाम झिजवून घेतले आहेत.

‘पण इतका खटाटोप हवा कशाला? सरळ दूरध्वनी म्हणावे, सरळ पायथागोरस म्हणावे!’ असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि तो अगदी पोकळ नाही. शब्दांची नुसती आतषबाजी करून कथेचे दारिद्र्य झाकणारे लेखकही असतात. परंतु येथे विचार करावा लागतो. अर्ब्रवर ग्रीस देश नाही. मग तेथे पायथागोरस कोठून येणार? काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत मात्र तेथेही खराच असतो, कारण त्रिकोणाला देश नसतो. म्हणून तेथे तो सिद्धांत अड्राखोनीज नावाच्या दुसऱ्याच पुरुषाच्या नावे ओळखला जातो. नाव नवे झाले की सवयीचे कवच गळून पडते, आणि शाळेत घोकून गुळगुळीत केलेला सिद्धांत वाचकाला प्रथमच नवलाचा वाटू लागतो. चौकोनी केक दुप्पट मोठा करावयाचा तर नव्या चौरसाची बाजू किती घ्यावी, असा एक प्रश्नही पुस्तकात सोडविलेला आहे. बाजू दुप्पट केली तर केक चौपट होतो! पहिल्या चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू घ्यावयाची. ज्याला हे एकदम पटणार नाही, त्याने कागदावर काढून पाहावे.

शिवाय घडविलेला शब्द म्हणजे खोटा शब्द नव्हे. ‘रोबो’ हा शब्द आज लहान मुलांच्या तोंडी आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकात तो प्रथम अवतरला. त्याच्या भावाने, योसेफने, तो सुचविला होता, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. वेठबिगार करणारे यंत्र! ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द सावरकरांनी रूढ केले; आज अर्जावर दिनांक घालताना कोणाला ते नवे वाटतात? उलट, १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फार्सी पदनामांच्या जागी संस्कृत नावे योजिली. त्यांपैकी ‘सेनापती’ रुजला, परंतु ‘प्रधान’ आला तरी ‘पेशवा’ काही गेला नाही. शब्द घडविणे माणसाच्या हाती आहे. तो जगविणे बोलणाऱ्यांच्या हाती.

या कादंबरीतील मठाच्या मध्यभागी एक प्रचंड घड्याळ आहे आणि मठवासी रोज स्वतःच्या बाहुबळाने त्याला चावी देतात. ही कल्पना सर्वस्वी हवेतून आलेली नाही. दहा हजार वर्षे चालेल असे घड्याळ उभारण्याचा संकल्प डॅनी हिलिस या अमेरिकन संशोधकाने केला; त्याचा लहान नमुना १९९९ च्या अखेरीस चालू झाला. हजार वर्षांचा हिशेब ठेवणारी माणसे कशी बोलतील, या प्रश्नातून स्टीफन्सनची भाषा जन्मली.

पुस्तकात कंटाळवाणे भाग नाहीत, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. तत्त्वचर्चा कधी कधी इतक्या लांबतात की, जेवणाची ताटे निवली तरी जेवणारे थांबत नाहीत! शंभर पाने कमी असती तर कोणाचेही फारसे बिघडले नसते. अशा जागी वाचकाने चार पाने भराभर उलटली तर तो गुन्हा ठरू नये.

न कळणारे सारेच सोसावे काय? या प्रश्नाचे उत्तर कादंबरीतच दडले आहे. मठात अपराध्याला मारीत नाहीत. त्याला एका खोलीत बसवून एका विशिष्ट ग्रंथाचे पाठ करावयाला लावतात. त्या ग्रंथात अर्थच नसतो! आरंभी बडबडगीते, त्यांतील यमके जुळल्यासारखी वाटतात आणि जुळत नाहीत. पुढे पानेच्या पाने नुसते आकडे. प्रत्येक प्रकरण आधीच्याहून अधिक कठीण. ज्या मनाला अर्थ शोधण्याची सवय आहे, त्याला अर्थहीन मजकूर पाठ करणे हे फटक्यांपेक्षा अधिक झोंबते. इरॅस्मसच्या वाट्याला अशी पाच प्रकरणे येतात. ते वाचताना वाचक क्षणभर थांबतो. कारण आरंभीच्या पानांत आपल्यालाही अशीच शिक्षा होत आहे, असे त्याला वाटले होते. आता त्याला फरक उमगतो. मठाच्या त्या ग्रंथात कितीही वेळ घालविला तरी एक ओळ दुसरीला आधार देत नाही. येथे मात्र काल न कळलेला शब्द आज दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगू लागलेला असतो.

असाच एक शब्द ‘स्पीलीकॅप्टर’. ‘स्पीली’ म्हणजे चलच्चित्र, आणि ते टिपून घेणारे यंत्र म्हणजे स्पीलीकॅप्टर. प्रथम तो वाचताना जीभ अडखळते आणि थोडे हसूही येते. मठवासीयांना असली यंत्रे वापरण्याची सक्त मनाई असते. पुढे आकाशात काही विलक्षण असल्याचा सुगावा ओरोलोला लागतो. नेमक्या त्याच वेळी मठाचे अधिकारी वेधशाळेला कुलूप लावतात. म्हातारा गप्प बसत नाही. तो ते निषिद्ध यंत्र मिळवितो, आकाशाकडे लावतो आणि पकडला जातो.

मग घंटा वाजतात. सारे मठवासी एकत्र जमतात आणि एक गंभीर स्तोत्र गाऊन आपल्यातल्या एकाला कायमचे वाळीत टाकतात. त्या विधीचे नाव अ‍ॅनाथेम. स्तोत्र आणि बहिष्कार या दोन अर्थांचे इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून हे नाव घडविले आहे. सूचीत त्याची व्याख्या दोन ओळींत दिलेली आहे आणि ती बरोबर आहे. पण ज्याने इरॅस्मसबरोबर ओरोलोच्या पायांशी बसून दोनशे पाने काढलेली असतात, त्याला सूचीची आठवणही होत नाही. मुखपृष्ठावर इतके दिवस तो एक न समजणारा, काहीसा रुबाबदार शब्द होता. आता ज्या गुरूने इरॅस्मसला विचार करावयाला शिकविले, तोच पाठमोरा चालू लागलेला असतो, आणि त्याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलण्याची शिष्याला मुभा नसते.

ओरोलो बाहेर पडतो. दरवाजा बंद होतो. पुढे अजून सातशे पाने उरलेली असतात, रात्र बरीच झालेली असते, आणि वाचक दिवा मालवीत नाही.